हाड जुळलं, टिकेट क्लोज!

आपल्याकडे कुणाचा पाय मोडला की बघायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कसा मोडला? प्लास्टर का ऑपरेशन? प्लेट टाकली का रॉड? कुणाला दाखवलंत? (इथे कुणाचंही नाव घ्या, समोरून "अरे, आधी आम्हाला विचारायचं ना" हेच येणार.) आणि चहा संपवून, दारात चपला घालता घालता शेवटचा प्रश्न : मग प्लास्टर कधी निघणार?

गेल्या वर्षी माझा डावा घोटा मोडला. हे पाच प्रश्न मी निदान पन्नास वेळा ऐकले असतील. "चालायला कधी लागणार?" असं मात्र एकानेही विचारलं नाही. कारण उघड आहे. प्लास्टर निघालं की माणूस चालणारच, त्यात काय विचारायचं?

माझं भांडण या "त्यात काय"शी आहे. नातेवाइकांशी नाही, ते बिचारे डिंकाचे लाडू घेऊन येतात. भांडण आहे ते हीच समजूत नियम म्हणून छापणाऱ्यांशी. विमा कंपनी, ऑफिस, हॉस्पिटलचा डिस्चार्जचा कागद, सगळे एकच गोष्ट गृहीत धरून चालतात की हाड जुळलं म्हणजे माणूस बरा झाला. आणि हे साफ चूक आहे.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. डेव्हलपरने बग फिक्स केला, त्याच्या मशीनवर कोड चालला, लगेच टिकेट क्लोज. टेस्टिंग नाही, डिप्लॉयमेंट नाही. तिकडे गिऱ्हाईकाची सिस्टिम अजून बंदच. तो फोन करतो तर आपण सांगतो, आमच्याकडे स्टेटस 'रिझॉल्व्ह्ड' दिसतंय साहेब! असं काम करणाऱ्याला अप्रेझलमध्ये आपण काय रेटिंग देऊ? पण मोडलेल्या पायांचं काम आपला समाज वर्षानुवर्षं असंच करतोय.

आधी थोडक्यात हकिगत. जुलैतला शनिवार, सिंहगडावरून पायवाटेने उतरत होतो, पाऊस होता. ओल्या दगडावरून पाय आत वळला आणि 'कट्' असा आवाज आला. सोबतच्यांनी लगेच आपल्याकडची सुप्रसिद्ध चाचणी केली. "बोटं हलतायत ना? मग फ्रॅक्चर नाही!" बोटं झकास हलत होती. आणि घोटा दोन ठिकाणी मोडलेला होता.

ट्रेकला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू वर पोटरीत असतात, त्यांच्या दोऱ्या फक्त घोट्याजवळून खाली जातात. हाड मोडलं तरी दोऱ्या शाबूत असल्या तर बोटं हलणारच. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली एक साधा नियम मांडला, जगभर तो वापरतात. घोट्याच्या उंचवट्यांशी दुखतंय, आणि त्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोटाने दाबलं तर हाडावर दुखतं? किंवा लंगडत का होईना, चार पावलं टाकता येत नाहीत? मग एक्स-रे काढा. चार पावलं! म्हणजे अगदी पहिल्या तासातही वैद्यकशास्त्र विचारतं की चालता येतंय का. मग शेवटी, घरी पाठवताना, हाच प्रश्न आपण का विसरतो?

असो. घोटा म्हणजे काय तेही सांगतो, कारण मोडेपर्यंत मलाही तो फक्त सॉक्सची उंची मोजायला माहीत होता. नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, या दोघांची खालची टोकं मिळून एक खाच तयार होते. पावलाचं सगळ्यात वरचं हाड त्या खाचेत बसतं आणि आपण चालतो तेव्हा तिथे मागेपुढे फिरतं. घोट्याच्या दोन बाजूंना हाताला लागणारे उंचवटे म्हणजे या खाचेच्या दोन भिंती. माझ्या दोन्ही भिंती पडल्या होत्या. बाहेरून प्लेट, आतून दोन स्क्रू, मग सहा आठवडे प्लास्टर आणि "पाय जमिनीला टेकवायचा नाही". ऑपरेशन उत्तम झालं. ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दीड महिन्याने एक्स-रे बघून ते म्हणाले, "व्वा, मस्त जुळलंय." डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीखाली शेवटच्या ओळीत एकच शब्द होता, फिजिओथेरपी. कधी, किती, कशासाठी, काहीच नाही. आमच्याकडे असं डॉक्युमेंटेशन लिहिलं तर रिव्ह्यूमध्ये परत येतं.

आता प्लास्टर निघतं तो दिवस. सगळ्यांच्या डोक्यात त्याचं चित्र हिंदी सिनेमातलं असतं. डॉक्टर कापतात, हिरो उठतो, दोन पावलं अडखळतो, तिसऱ्या पावलाला हिरॉइनकडे धावतो. प्रत्यक्षात आतून जो पाय निघाला तो माझा वाटेना. त्याची कातडी सोलत होती. पोटरीला टेप लावली तर उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर बारीक. खुर्चीवर बसून पाय खाली सोडला की पाच मिनिटांत तो जांभळा आणि टम्म. आणि पाऊल वर, म्हणजे नडगीच्या दिशेने वळवायला गेलो तर हलेचना. गंजलेल्या बिजागरीसारखं. सपाट रस्त्यावर नीट चालायला पाऊल साधारण १० अंश तरी वर वळावं लागतं. माझं शून्यावर अडकलेलं.

एक्स-रेमध्ये यातलं काहीही दिसत नाही. हाड मस्तच जुळलं होतं!

यात नवीन काही नाही, हीच तर चिडायची गोष्ट आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसचं बँडेज डच लष्करातला सर्जन अँटोनियस माथायसन याने १८५२ साली पुढे आणलं. मोठीच सोय झाली. पण पुढच्या शंभर वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की हाड जुळतं, पण आठवडेच्या आठवडे बांधून ठेवलेला सांधा आखडतो, स्नायू सुकतात, पाय सुजलेला राहतो. याला त्यांनी 'फ्रॅक्चर डिसीज' असं नावच दिलं. म्हणजे मोडण्याचा आजार वेगळा आणि बांधून ठेवण्याचा वेगळा. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये काही सर्जन एकत्र आले आणि त्यांनी एओ नावाचा गट काढला. प्लेट आणि स्क्रू लावून हाड पक्कं करायचं ते कशासाठी, तर सांधा लवकर हलवता यावा, माणूस लवकर कामाला लागावा म्हणून. माझ्या पायातली प्लेट त्याच विचारातून आली. प्लेट आपण घेतली, विचार सोडून दिला.

अजूनही या विषयावर काम चालूच आहे. ब्रिटनमध्ये घोट्याचं ऑपरेशन झालेल्या लोकांचे दोन गट केले होते. एकाला दोन आठवड्यांनी पायावर वजन टाकायची परवानगी, दुसऱ्याला नेहमीसारखं सहा आठवडे थांबवलं. २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. चार महिन्यांनंतर पाहिलं तर लवकर उभे राहिलेले मागे पडले नव्हते. (हे वाचून उद्या कुणी आपल्या मनाने पाय टेकवू नका. तुमचं फ्रॅक्चर कसलं आहे ते तुमच्या डॉक्टरला माहीत, लॅन्सेटला नाही.) मुद्दा एवढाच की जगात आता प्रश्न विचारला जातोय तो "हाड कधी जुळेल" एवढाच नाही. "हा माणूस कधी उभा राहील" हाही आहे.

मला उभं राहायला काय काय लागलं? पहिल्या आठवड्यात बाथरूमचा वजनकाटा. डावा पाय काट्यावर ठेवायचा, वॉकर धरायचा आणि १० किलो येईपर्यंत दाबायचं. मग १५, मग २०. वीस किलो म्हणजे किती हे पायाला शिकवावं लागतं, त्याला आठवत नसतं. खुर्चीत बसून अंगठ्याने हवेत बाराखडी काढायची. टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करायचा. रबरी पट्टा चवड्यात अडकवून ओढायचा. मग जिने. वर चढताना चांगला पाय आधी, उतरताना मोडलेला आधी, हे उलटं झालं की कठडाच आठवतो. मग एका पायावर उभं राहणं. डोळे उघडे ठेवून तीस सेकंद जमायला मला प्लास्टर निघाल्यापासून सात आठवडे लागले. डोळे मिटून अजूनही पंधराच्या वर जात नाही. आपला पाय कुठे आहे हे न बघता शरीराला कळायची जी शक्ती असते, तीही मोडते आणि तीही परत मिळवावी लागते. ती मिळवली नाही तर पुढच्या ओबडधोबड रस्त्यावर पाय परत वळतो.

आणि आपल्याकडे त्याच्याही पुढची परीक्षा असते. उकिडवं बसणं! पाश्चात्त्य माणूस चालला, जिना चढला, गाडी चालवली की त्याचं भागतं. आपल्याकडे देशी संडास आहे, जमिनीवरची पंगत आहे, देवासमोर बसणं आहे, शेतात खुरपणं आहे. उकिडवं बसायला घोटा चालण्यापेक्षा कितीतरी जास्त वाकावा लागतो. ज्याच्या घरी कमोड आहे त्याला हे कळणारही नाही. ज्याच्या घरी नाही त्याची सकाळ रोज परीक्षेचीच.

आता या सगळ्याकडे व्यवस्था कशी बघते ते बघू. पहिली मेडिक्लेम.

बहुतेक पॉलिसींचा साचा असा असतो. निदान २४ तास ॲडमिट झालात तर खर्च मिळेल (काही ठरावीक 'डे केअर' उपचार सोडून), आणि डिस्चार्जनंतरचा खर्च साधारण ६० दिवसांपर्यंत. आता गणित करा. सहा आठवडे प्लास्टर, म्हणजे ४२ दिवस. साठातून बेचाळीस गेले, उरले अठरा. ज्या दिवशी पाय शिकायला सुरुवात करतो त्या दिवसापासून तुमच्याकडे जेमतेम अठरा-वीस दिवस. आणि हे ऑपरेशन झालेल्यांसाठी. ज्याला नुसतं प्लास्टर घालून त्याच दिवशी घरी पाठवलं, तो ॲडमिटच झाला नाही. ओपीडीचं वेगळं कव्हर नसेल तर त्याला शून्य. कुबड्या, वॉकर असली चालायची साधनं तर बहुतेक ठिकाणी वगळलेल्या वस्तूंच्या यादीतच असतात. म्हणजे पायात राहणाऱ्या प्लेटचे पैसे मिळतील, पण त्या पायावर उभं राहायला हातात जे धरायचं त्याचे नाही. हा नियम लिहिणाऱ्याने मोडलेला पाय कधी पाहिला असेल का?

माझ्या विमा कंपनीने फिजिओची बिलं दोनदा परत पाठवली. दुसऱ्यांदा शेरा होता, उपचार पूर्ण झाल्यानंतरचा खर्च. उपचार पूर्ण झाल्यानंतरचा! मी तेव्हा वॉकर धरून उभा होतो.

दुसरं ऑफिस. आमच्या एचआर पॉलिसीत फ्रॅक्चरला सहा आठवडे घरून काम. सातव्या आठवड्यात फिटनेस सर्टिफिकेट आणा आणि आठवड्यातले तीन दिवस सीटवर दिसा. सर्टिफिकेटवर दोनच पर्याय असतात, फिट किंवा अनफिट. बुलियन व्हेरिएबल. आपण दिवसभर स्टेट मशीन काढतो आणि आपल्याच शरीराला एक बिट देतो. "बसून काम करू शकतो, पण तासाभराने पाय वर ठेवावा लागेल, जिना एकदाच, दुचाकी नाही" ही अवस्था त्या फॉर्ममध्ये नाही. माझा डावा पाय म्हणजे बाइकचा गिअर. उजवा असता तर ब्रेक. २००३ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात उजव्या घोट्याचं ऑपरेशन झालेल्यांचा मोटारीचा ब्रेक दाबायचा वेळ मोजला होता, तो पहिल्यासारखा व्हायला ऑपरेशनपासून नऊ आठवडे लागले. आणि आपण सातव्या आठवड्यात माणसाला ट्रॅफिकमध्ये ढकलतो. का, तर कॅलेंडरवर सहा लिहिलंय.

माझा मॅनेजर भला माणूस, त्याने आणखी दीड महिना घरून काम करू दिलं. मी त्याचा आभारी आहे. पण मला हे मेहरबानी म्हणून मिळालं, नियम म्हणून नाही. शेजारच्या टीमचा मॅनेजर वेगळा असता तर तिथल्या पोराचा पाय वेगळ्या वेगाने जुळला असता का?

तिसरा रस्ता. फिजिओने सांगितलं, रोज वीस मिनिटं सपाट जागेवर चाला. सपाट जागा? मी आमच्या गल्लीतल्या फूटपाथची पायरी टेपने मोजली. २८ सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत (आयआरसी १०३) फूटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं लिहिलंय. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की वापरता येण्याजोगे फूटपाथ मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ते अपंगांनाही वापरता आले पाहिजेत. कागद चोख आहे. मी मात्र महिनाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या मारल्या. वॉचमन मोजायचा, "साहेब, आज बावीस झाल्या!" :-)

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, बाबा रे, तुझं सगळं ठीकच झालं की. पगार चालू, लॅपटॉप मांडीवर, वर रडगाणं. बरोबर आहे. म्हणूनच माझी गोष्ट इथे थांबवतो आणि दुसरी सांगतो.

फिजिओच्या वेटिंग रूममध्ये एक मावशी भेटल्या. पन्नाशीच्या असतील. सहा घरी पोळ्या-स्वयंपाक करायच्या. चाळीच्या जिन्यावर पाय मुरगळला, घोटा मोडला, सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. तेवढं फुकट आणि चांगलं झालं. सहा आठवड्यांनी काढलं, "आता व्यायाम करा" म्हणून सांगितलं आणि पुढचा पेशंट आत. सहा घरांपैकी चार घरांनी तोवर दुसरी बाई लावली होती. उरलेली दोन जाऊ नयेत म्हणून प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या ओट्यापाशी उभ्या. तीन तास. मी त्यांचा पाय पाहिला तेव्हा तो घोटा राहिला नव्हता, गुडघ्याखालपासून पावलापर्यंत सरळ खांब होता. त्या दोन घरांपैकी एका ताईंनी पैसे देऊन त्यांना फिजिओकडे पाठवलं होतं.

"दादा, तुमचं पण घोट्याचंच का?"

"हो मावशी. दहा आठवडे झाले."

"मग अजून कामाला नाही लागलात?"

"घरून करतो ना काम."

त्या हसल्या. "पोळ्या घरून नाही लाटता येत."

पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फिजिओकडे एका वेळेचे पाचशे रुपये, वर जायची-यायची रिक्षा, आणि दुपारचं एक घर बुडणार. कोण येईल?

इथे खरा हिशोब कळतो. तेच हाड, तेवढेच आठवडे. माझं आणि त्यांचं हाड जुळायला सारखाच वेळ लागला. फरक पडला तो पुढच्या बारा आठवड्यांत. मला ते मिळाले, त्यांना नाही. मी परत ट्रेकला जाईन. त्यांना कायमचं लंगडावं लागलं तर आपण म्हणणार, "वय झालं हो, पायाने दगा दिला." पायाने दगा नाही दिला. पाय शिकायला तयार होता, त्याला वेळ दिला नाही.

या देशाला हे कधी सुचलंच नाही असंही नाही. १९४८ सालच्या ईएसआय कायद्याखाली (तो आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेलाय) आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळायची सोय झाली. ९१ दिवस म्हणजे तेरा आठवडे! आमच्या चकाचक कंपनीच्या सहा आठवड्यांपेक्षा दुपटीहून जास्त. पण लोकांच्या घरी पोळ्या लाटणारी बाई त्या चौकटीत बसत नाही, कारण घर म्हणजे आस्थापना नव्हे. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. चांगलं केलं. अपघातात मदतीची सोयही त्यात आहे. पण पाय मोडल्यावर महिन्याच्या महिन्याला पगार चालू राहील अशी नाही. तो पगार चालू ठेवायचा की नाही, हे ठरवतात सहा घरं. म्हणजे तुम्ही आणि मी.

आता एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवं, कारण तो खोटा नाही. माझा एक डॉक्टर मित्र म्हणाला, "तुम्हा लोकांना फिजिओची फॅशन झालीय. अर्ध्या ठिकाणी मशीन लावून शेक देतात आणि तीस सिटिंगचं पॅकेज विकतात." त्याने मला एक ऑस्ट्रेलियन अभ्यासही दाखवला. २०१५ साली 'जामा'मध्ये आला होता. घोट्याचं प्लास्टर निघालेल्या लोकांचे दोन गट. एका गटाला फिजिओच्या देखरेखीखाली आठवडेच्या आठवडे व्यायाम, दुसऱ्याला एकदा बसवून फिजिओने नीट सल्ला दिला आणि घरी पाठवलं. पहिल्या गटाला जास्तीचा फायदा काही दिसला नाही.

मी तो अभ्यास मान्य करतो. इतकंच नाही, मला तो माझ्या बाजूचा पुरावा वाटतो! बघा ना. तुलना 'फिजिओ' आणि 'काहीच नाही' अशी नव्हतीच. दुसऱ्या गटालाही शिकलेल्या माणसाने समोर बसून सांगितलं होतं की काय करायचं, कधी करायचं, पुढे कसं वाढवायचं. आपल्याकडे मावशींना काय मिळालं? "व्यायाम करा" हे दोन शब्द. मी तीस सिटिंग मागतच नाहीये. मशीनचा शेक तर नकोच. एकदा नीट शिकवणं आणि ते घरी करायला पुरेसे आठवडे, इतकंच मागतोय. म्हणजे हे महाग आहे हा बहाणाही गेला. इतकी स्वस्त गोष्ट आपण देत नाही, कारण आपल्या यादीत हाड जुळल्यानंतर दुसरी ओळच नाही.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

एक, डिस्चार्जच्या कागदावर 'फिजिओथेरपी' या एका शब्दाऐवजी एक पान द्या, मराठीत, चित्रांसकट. वजन कधी, किती टाकायचं. कोणते व्यायाम. कामावर उभं कधी राहायचं. कोणती लक्षणं दिसली तर परत यायचं. आणि उकिडवं बसणं त्यात असू द्या.

दोन, विमा कंपन्यांनी ते ६० दिवस डिस्चार्जपासून मोजू नयेत, प्लास्टर निघाल्यापासून मोजावेत. ॲडमिट न होता प्लास्टर घातलेल्यालाही तेवढंच द्यावं. कुबड्या वगळलेल्या यादीतून काढाव्यात.

तीन, एचआरने 'फिट-अनफिट' फाडून टाकावं. डॉक्टरला विचारा की हा माणूस काय करू शकतो आणि काय नाही, आणि तेवढंच काम तेवढे आठवडे द्या. मॅनेजरच्या स्वभावावर सोडू नका.

चार, आणि हे कुठल्याही सरकारची वाट न बघता होण्यासारखं आहे. तुमच्याकडे पोळ्या करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईचा पाय मोडला तर तिचा पगार प्लास्टर निघेपर्यंत नाही, ती नीट चालायला लागेपर्यंत चालू ठेवा. साधारण तीन महिने धरा. सहा घरांनी मिळून एकदा फिजिओचे पाचशे द्या आणि रिक्षाचे द्या. सहा घरांत ही रक्कम आपल्या एका शनिवारच्या मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपेक्षा कमी पडते. आणि परत आली की पहिला महिना ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवा. बसून पोळ्या लाटल्या तर त्या कमी गोल होत नाहीत.

पहिल्या तीन मागण्यांना वेळ लागेल, मला माहीत आहे. पण सुरुवात आजच्या आज होऊ शकते. आज शनिवार आहे. मेलबॉक्समध्ये कुठेतरी पडलेली मेडिक्लेमची ती पीडीएफ उघडा आणि दोन गोष्टी शोधा : डिस्चार्जनंतर किती दिवस, आणि ओपीडी फिजिओ आहे की नाही. मग तेच दोन प्रश्न सोमवारी एचआरला मेलने विचारा, टीमला सीसी करून. एकट्याचा मेल ते बाजूला ठेवतात. चाळीस जणांचा आला की पुढच्या वर्षीच्या ग्रुप पॉलिसीच्या रिन्यूअलमध्ये तो मुद्दा येतो. आणि पाय मोडायच्या आधी विचारलेलं बरं, कारण नंतर तुम्ही वॉकर धरून उभे असता आणि एक हात फोनसाठी मोकळा नसतो.